मणक्याच्या शस्त्रक्रियेत उंदीर का दगावत होते: नाशिकच्या एका प्राणीगृहातील भूल सुधारण्याचे प्रकरण

नाशिकमधील एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राणीगृहात मज्जारज्जूच्या इजेवर काम सुरू होते. विस्टर जातीच्या माद्या, वजन २३० ते २७० ग्रॅम. माद्या अशासाठी की त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि इजेनंतर हाताने मूत्राशय रिकामे करणे सोपे जाते. पद्धत नेहमीचीच होती. दहाव्या वक्षीय मणक्याची कमान काढायची, उघड्या पडलेल्या मज्जारज्जूवर १० ग्रॅमची दांडी ठरलेल्या उंचीवरून सोडायची, थरांनी शिवायचे आणि पुढचे सहा आठवडे मागच्या पायांची चाल बीबीबी मापनपट्टीवर नोंदवायची. बासो, बीटी आणि ब्रेसनाहन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या या पट्टीवर ० म्हणजे मागच्या पायांची काहीच हालचाल नाही आणि २१ म्हणजे निरोगी चाल.

भूल केटामाइन आणि झायलाझीन यांच्या मिश्रणाची होती. किलोमागे ८० मिलिग्रॅम केटामाइन, १० मिलिग्रॅम झायलाझीन, पोटाच्या पोकळीत एकच टोचणी. पुस्तकात बसणारा डोस. तरी डिसेंबरच्या पहिल्या फेरीत काही माद्या टेबलावरच गेल्या, तेही बहुतेक वेळा टॉप-अप, म्हणजे भूल उतरू लागल्यावर दिलेला जादा डोस, दिल्यानंतर. काही रात्री ठीक दिसल्या आणि सकाळी पिंजऱ्यात मेलेल्या सापडल्या. जगलेल्यांचे बीबीबी गुण इतके विखुरलेले होते की इजा सारखी झाली असे कुणी म्हणू शकले नसते. नुसती कमान काढलेल्या, मज्जारज्जूला धक्काही न लावलेल्या माद्यासुद्धा दोन दिवस मलूल होत्या, खात नव्हत्या.

पहिला निष्कर्ष निघाला तो असा की झायलाझीन जास्त होते आहे. ते कमी केले. मग माद्या हाड काढता काढता हलू लागल्या, टॉप-अप वाढले, मृत्यूही वाढले. डोस वाढवला की श्वास मंदावतो, कमी केला की जाग येते. या चक्रात अडकलेल्या प्रयोगशाळा कमी नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी दोष शेवटपर्यंत औषधाच्याच माथी मारला जातो.

आधी नोंद, मग बदल

जुन्या वहीत वजन, डोस, टोचल्याची वेळ आणि शेवटी ‘ठीक’ किंवा ‘मृत’ एवढेच होते. त्यातून काहीच कळत नव्हते. म्हणून औषधाला हात लावण्याआधी एक तक्ता केला: दर पाच मिनिटांनी श्वासांची संख्या, पंजा व नाकाचा रंग, पुढच्या पायाला चिमटा काढल्यावर प्रतिसाद आणि गुदद्वारातील तापमान. ज्या माद्यांवर मूळ आराखड्यानुसार नुसती कमान काढण्याची शस्त्रक्रिया व्हायचीच होती, त्यांच्यावर हा तक्ता जुन्याच भुलीखाली भरला. त्यातल्या एकीची नोंद इथे देण्यासारखी आहे.

मादी २५२ ग्रॅम. खोलीचे तापमान १९ अंश. ९:१० ला टोचले, ९:१७ ला आडवी झाली, तापमान ३७.४, श्वास मिनिटाला ७८. पाठीवरचे केस काढणे, स्पिरिटने तीनदा पुसणे, चारही पाय ताणून टेपने चिकटवणे यात ९:३५ वाजले, तापमान ३५.६, श्वास ५२. ९:५२ ला हाड टिपत असताना पुढचा पंजा मागे ओढला. मिश्रणाचा अर्धा डोस पुन्हा दिला. १०:१० ला तापमान ३३.१, श्वास २८, पंजे राखाडी. काम थांबवले, टेप सोडल्या, ऑक्सिजन व ऊब दिली. ती स्वतःच्या पायांवर उभी राहायला साडेतीन तास लागले.

या एका पानावर तीन वेगवेगळ्या चुका एकमेकींना हात देताना दिसतात. चौथी शवविच्छेदनात सापडली.

थंडी

नाशिकची थंडी काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. शेजारच्या निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा एक आकडी झाला की बातमी होते. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या (सीसीएसईए) मार्गदर्शक सूचनांत प्राणीगृहासाठी १८ ते २९ अंशांची मर्यादा आहे, म्हणजे १९ अंशांची खोली नियमात बसते. पण ती मर्यादा जाग्या, अंगावर पूर्ण केस असलेल्या, एकमेकांना बिलगून बसणाऱ्या उंदरांसाठी आहे. भुलीत उंदीर कुडकुडत नाही, गोळा होऊन बसत नाही, शेपटीकडचे रक्त आवरून धरत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा. त्यात पाठ भादरलेली, वर स्पिरिट उडून जाताना आणखी उष्णता घेऊन जाते, खाली स्टीलचे टेबल.

अंग थंड पडले की यकृताचे काम मंदावते, औषध शरीरात रेंगाळते, हृदयाचे ठोके आणि श्वास उतरतात. नऊ वाजता योग्य असलेला डोस दहा वाजता जास्त ठरतो. डोसाचा आकडा तोच असतो, तो पेलणारे शरीर बदललेले असते.

मणक्याच्या कामात याला आणखी एक पदर आहे आणि तोच जास्त महत्त्वाचा. थंडी मज्जारज्जूचे रक्षण करते. इजेच्या क्षणी एक मादी ३६.८ वर आणि दुसरी ३३.५ वर असेल, तर दांडी त्याच उंचीवरून पडूनही दोघींची इजा सारखी होत नाही. केटामाइनही ग्लुटामेट या मज्जापेशींना चेतवणाऱ्या रसायनाचे एनएमडीए ग्राहक (पेशीवरची संदेश घेणारी जागा) अडवते, आणि इजेनंतर पेशी मरण्याच्या साखळीत त्याच ग्राहकांचा हात असतो. म्हणजे ज्या मादीला टॉप-अप जास्त, तिला नकळत थोडे संरक्षणही जास्त. उलट रक्तदाब पडला तर इजा वाढते. विखुरलेल्या बीबीबी गुणांचे कारण इजेच्या उपकरणात शोधले जात होते, आणि उपकरण व्यवस्थित होते.

टॉप-अप

केटामाइन-झायलाझीनच्या एका टोचणीने शस्त्रक्रियेजोगी भूल साधारण २० ते ४० मिनिटे टिकते. त्यातली अठरा मिनिटे केस आणि टेपमध्ये गेली. कमान काढणे नवशिक्या हाताला पाऊण तास घेते. मग टॉप-अप अटळच.

टॉप-अप द्यायचाच तर केटामाइन एकट्याचा, मूळ डोसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका द्यायचा. झायलाझीन पुन्हा दिले की ठोके आणि रक्तदाब आणखी खाली जातात. पोटातल्या टोचणीला लागू पडायला पाच-दहा मिनिटे लागतात. तेवढा धीर न धरता आणखी टोचले की दोन्ही डोस एकदम चढतात. पहिली टोचणी आतड्यात किंवा मूत्राशयात गेलेली असेल तर गोंधळ वाढतो. उंदराचे सीकम (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) बहुधा डावीकडे असते, म्हणून टोचणी पोटाच्या खालच्या उजव्या भागात, डोके किंचित खाली धरून, २५ किंवा २६ गेजच्या सुईने द्यावी. आधी दट्ट्या ओढून पाहावा. काही आले तर ती सिरिंज टाकून नवी घ्यावी.

डोसाचे गणितही एकदा कागदावर मांडलेले बरे. २५० ग्रॅमला केटामाइन २० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या कुपीतून ०.४ मिली. झायलाझीन २.५ मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या कुपीतून ०.१२५ मिली. झायलाझीनच्या लेबलवर २३.३२ मिलिग्रॅम हायड्रोक्लोराइड लिहिलेले दिसले तरी ते २० मिलिग्रॅम झायलाझीनच असते. १०० मिलिग्रॅमची कुपीही मिळते. ती चुकून हाती आली तर डोस पाचपट. ०.१२५ मिली १ मिलीच्या इन्सुलिन-छाप सिरिंजनेच मोजता येते. ५ मिलीच्या सिरिंजने तो अंदाज होतो, मोजमाप होत नाही.

पालथे शरीर

पाठीवर काम म्हणजे उंदीर पालथा. चारही पाय ताणून बांधले की छाती टेबलावर दाबली जाते, पोटातले अवयव छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्यावर रेटतात आणि प्रत्येक श्वासाला मेहनत लागते. हाड टिपताना सर्जनच्या मनगटाचा भार वर पडतो तो वेगळाच. खोलीतल्या नुसत्या हवेवर, मंदावलेल्या श्वासात ऑक्सिजन कमी पडणारच.

उपाय दहा रुपयांचा आहे. गॉझची बोटभर जाडीची एक वळकटी पुढच्या पायांमागे छातीखाली आणि दुसरी ओटीपोटाच्या हाडाखाली ठेवायची. मधले पोट अधांतरी राहिले पाहिजे. पाय सैल बांधायचे, मान सरळ. उंदीर नाकानेच श्वास घेतो, तेव्हा नाक कापडात रुतलेले नको. वळकट्या ठेवल्यावर पोट श्वासासरशी मोकळे हलताना बाजूने दिसते. ते दिसले नाही तर पुढे जायचे नाही.

माणसाच्या बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे भरवशाचा नाही. उंदराचे ठोके मिनिटाला तीनशेच्या पुढे जातात आणि त्यातली बरीच यंत्रे २५० च्या वर मोजतच नाहीत. गुलाबी पंजा, गुलाबी नाक आणि मोजलेले श्वास हेच खरे.

मूत्राशय

रात्री मेलेल्या माद्यांच्या शवविच्छेदनात एका गोष्टीने लक्ष वेधले: मूत्राशय ताणून सुपारीएवढे झालेले, भिंत रक्ताळलेली. झायलाझीनने लघवी वाढते. मज्जारज्जूच्या इजेनंतर ती बाहेर टाकता येत नाही. संध्याकाळी शस्त्रक्रिया संपली, मूत्राशय रिकामे करायचे ते दुसऱ्या सकाळी असे वेळापत्रक होते. भुलीचे औषध आणि इजा यांनी मिळून रात्रीतून केलेले हे काम होते. एका मादीच्या फुप्फुसांत जुनी सूजही सापडली. डोळ्यांभोवती लालसर डाग, शिंका, घरघर असलेल्या उंदराला मायकोप्लाझ्मा या जंतूचा श्वसनरोग असू शकतो; त्याला भुलीच्या टेबलावर आणूच नये.

नवी पद्धत

बदल आधी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे दुरुस्ती म्हणून ठेवले आणि मंजुरीनंतरच वापरले. प्राण्यांवरील प्रयोगांच्या १९९८ च्या नियमांखाली हे लागतेच. भूल बदलणे म्हणजे किरकोळ फेरफार, असे समजण्याची चूक अनेक ठिकाणी होते.

भूल आयसोफ्लुरेन या श्वासावाटे द्यायच्या औषधावर आणली. कापसावर ओतून बरणीत उंदीर ठेवण्याचा स्वस्त मार्ग आधीच बाद केला. २० अंशांना बंद भांड्यात आयसोफ्लुरेनची वाफ तीस टक्क्यांच्या वर जाते, आणि उंदराला बेशुद्ध करायला ४ ते ५ टक्के पुरतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये तर ती आणखी चढेल. व्हेपोरायझर, म्हणजे द्रवाची मोजून वाफ सोडणारे यंत्र, हवाच, आणि तो आयसोफ्लुरेनचाच. सेव्होफ्लुरेन या तशाच दुसऱ्या औषधाच्या व्हेपोरायझरमध्ये आयसोफ्लुरेन भरले तर डायलवर दिसते त्याहून जास्त बाहेर येते.

खर्चाची भीती आकड्यांनी कमी होते. तासाला लागणारे द्रव (मिलीमध्ये) साधारण ३ गुणिले मिनिटाचा लिटरमधला प्रवाह गुणिले टक्केवारी. १ लिटर आणि २ टक्क्यांना तासाला ६ मिली, म्हणजे १०० मिलीची बाटली सोळा तास. १.५ घनमीटरचा बी-टाइप ऑक्सिजन सिलिंडर मिनिटाला १ लिटरने पंचवीस तास चालतो. कॉन्सन्ट्रेटरही चालला असता, पण वीज गेली की तो बंद पडतो, म्हणून सिलिंडर. मास्क २० मिलीच्या सिरिंजची नळी कापून केला. तोंडावर ग्लोव्हचा पडदा ताणून त्याला नाक जाईल एवढे भोक. भोक मोठे झाले की वायू खोलीत येतो आणि तो काम करणाऱ्यांच्या नाकात जातो. बाहेर जाणारा वायू सक्रिय कोळशाच्या डब्यातून नेला. डबा रोज तोलायचा आणि ५० ग्रॅमने जड झाला की बदलायचा.

एका शस्त्रक्रियेचा क्रम आता असा आहे. उपाशी ठेवायचे नाही. उंदीर उलटी करत नाही आणि उपाशी ठेवले तर साखर उतरते. अर्धा तास आधी ब्युप्रेनॉर्फीन हे वेदनाशामक, किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम, कातडीखाली. ०.३ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या अँप्यूलमधून २५० ग्रॅमला ०.०२५ मिली लागते आणि ते मोजता येत नाही. म्हणून सलाइनने दहापट पातळ करून ०.२५ मिली द्यायचे. पेटीत ४ टक्क्यांवर बेशुद्धी, लगेच बाहेर काढून दुसऱ्या टेबलावर केस काढणे. तीन सेंटिमीटर रुंद आणि पाच लांब, त्याहून जास्त नाही. मग मास्कवर, मिनिटाला १ लिटर, १.५ ते २ टक्के. डोळ्यांत मलम. मेलॉक्सिकॅम, सूज आणि वेदना कमी करणारे, किलोमागे १ मिलिग्रॅम. कोमट सलाइन ५ मिली, कातडीखाली दोन जागी. स्पिरिट बंद, कोमट केलेले पोव्हिडोन आयोडीन.

चिरा घेण्याआधी तेवढीच जागा बधिर करायला ०.२५ टक्के ब्युपिव्हॅकेन. २ मिलिग्रॅम प्रति किलोची मर्यादा धरली तर २५० ग्रॅमला ०.२ मिली, त्यावर थेंबही नाही. हवे तर सलाइन मिसळून आकारमान वाढवावे. आयसोफ्लुरेन स्वतः वेदना शमवत नाही आणि जास्त टक्क्यांवर रक्तवाहिन्या सैल पाडून रक्तदाब उतरवते. वेदनाशामक आधीच अंगात असेल तर डायल दीडवर राहतो. ते नसेल तर डायल अडीचवर चढतो आणि मज्जारज्जूला रक्त कमी पडते.

ऊब थर्मोस्टॅट असलेल्या पॅडने, गुदद्वारातल्या प्रोबला जोडून. खोली हीटरने २५ अंशांवर, हीटर तासभर आधी सुरू. गरम पाण्याने भरलेला ग्लोव्ह वीज गेल्यावर हाताशी हवा, पण तो वीस मिनिटांत थंड होतो आणि मग उंदराचीच उष्णता ओढू लागतो. बदलायला माणूस नसेल तर वापरू नये.

चिमटा पुढच्या पंजालाच काढायचा. दांडी पडल्यावर मागचा पाय गप्प असतो तो भुलीने की इजेने, हे कळत नाही. दांडी पडताना शेपूट आणि मागचे पाय एकदा झटकतात. ती इजा नीट बसल्याची खूण आहे, भूल हलकी झाल्याची नाही. ते पाहून डायल वाढवू नये. रक्तस्राव गॉझ तोलून मोजायचा. २५० ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्त १६ मिलीच्या आसपास, त्यामुळे दोन-अडीच मिली गेले तरी ते बरेच झाले.

जागे झाल्यावर

वायू बंद केल्यावर ऑक्सिजन पाच मिनिटे चालू ठेवायचा. मादी पाच-दहा मिनिटांत डोके उचलते. भुश्यावर नाही, टॉवेलवर. भुसा नाकात जातो. पेटीतली हवा २८ ते ३० अंश, दर वीस मिनिटांनी कूस बदलायची. मूत्राशय त्याच संध्याकाळी, रात्री उशिरा आणि सकाळी, आणि पुढे दिवसातून तीनदा रिकामे करायचे. साधारण एक ते दोन आठवड्यांत ते आपोआप रिते होऊ लागते. ब्युप्रेनॉर्फीन दर आठ ते बारा तासांनी दोन दिवस, मेलॉक्सिकॅम रोज एकदा तीन दिवस. ब्युप्रेनॉर्फीनने काही माद्या भुसा खाऊ लागतात, म्हणून ते दोन दिवस कागदी अंथरूण.

जानेवारीत थंडी तशीच होती. नव्या फेरीत टेबलावर एकही मादी गेली नाही, टॉप-अप हा शब्दच तक्त्यातून गेला. एक चूक मात्र झाली आणि ती पूर्ण टाळता येण्यासारखी होती. तिसऱ्या दिवशी एका मादीच्या मांडीवर भाजल्याचा चट्टा दिसला. पेटीत ती पॅडला टेकून पडली होती. कमरेखाली संवेदना नाही, पाय ओढून घेता येत नाही, त्यामुळे जागी असूनही ती भाजत राहिली. आता पॅड पेटीच्या निम्म्या भागाखालीच असते, वर दुहेरी टॉवेल, आणि कूस बदलताना मांडी हात लावून पाहिली जाते.

डिसेंबरच्या माद्यांचे गुण जानेवारीच्या गुणांत मिसळले नाहीत. आयसोफ्लुरेनही काही प्रमाणात मज्जातंतूंचे रक्षण करते, त्यामुळे दोन वेगळ्या भुलींखालची इजा ही दोन वेगळी प्रतिमाने आहेत. तुलनेचा गटही त्याच भुलीखाली, तेवढाच वेळ ठेवून पुन्हा केला. दांडी सोडण्याआधी तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये नसेल तर थांबायचे, आणि त्या क्षणाचा आकडा तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहायचा. रकाना रिकामा राहिला तर ती मादी विश्लेषणात धरायची नाही, हे फेरी सुरू होण्याआधीच लिहून ठेवले होते.